नात्याचा रकाना

सोमवार, १ सप्टेंबर

कामाची नोंदवही ऑफिसात असते आणि ती कुणीही उघडू शकतं. ही वही माझी.

आरोग्य विम्याच्या कचेरीतला जुना कागद आजपासून माझ्या ताब्यात आला. एकसष्ट वर्षांची कार्डं, सगळ्या जिल्ह्याची. १ नोव्हेंबरला देशभर नवी प्रणाली सुरू होणार आहे. त्याआधी आमचं प्रत्येक कार्ड तिच्यात बसलं पाहिजे. कार्डांवरचा मजकूर टंकून झाला आहे. तो तपासणारे छत्तीस नियम मी लिहिले आहेत.

विम्याचं गणित अवघड नाही. कमावणारा प्रत्येक माणूस पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरतो, ज्याची कमाई नाही त्याची सरकार भरतं. सगळं एका जागी जमतं आणि आजारी पडलेल्याचा खर्च तिथून परस्पर दवाखान्याला जातो. वर्गणी भरणारा तो मुख्य सभासद. त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं त्याच्याच कार्डावर येतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना असतो: नाते. तो रकाना पटला नाही तर त्या माणसाला दवाखान्याचं दार आहे, पण विमा नाही.

कार्डांची खोली तळमजल्यावर आहे. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकाला पितळी कडी. मुलांची कार्डं निळी, म्हाताऱ्यांची पिवळी. खळीचा वास अजून आहे. मी लहानपणी या इमारतीत बरेचदा आले आहे. तेव्हा काउंटर माझ्या कपाळाच्या वर होता. आज मोजून पाहिलं, कोपराला लागतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

जुनी अक्षरं वाचायला एका निवृत्त कारकुनांना बोलावलं आहे. मंगळवार आणि गुरुवार. मानधन नाही, चहा आहे. सगळे त्यांना शाईकाका म्हणतात. सदतीस वर्षं काउंटरवर बसले आणि एकदाही बॉलपेन हातात धरलं नाही. सदऱ्याच्या खिशावर निळा डाग आहे. सदरा बदलला तरी डाग तिथेच असतो.

माझ्या समोरच्या टेबलावर दवाखान्यांची बिलं तपासणाऱ्या बाई बसतात. मी त्यांना तपासनीसबाई म्हणते, त्या मला इंजिनीअरीणबाई म्हणतात. आज त्यांनी एक कार्ड काकांच्या नाकासमोर धरलं.

"काका, हे 'माठ' आहे की 'भात'?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे 'भाऊ' आहे."

"कुठल्या बाजूनं?"

"काउंटरच्या आतल्या बाजूनं. तुम्ही बाहेरून बघताय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू छापखान्यातल्या मशीनवाल्यांची मुलगी ना? इथं बसून शिक्के मारायचीस. एकदा माझ्या हातावर मारलास. चार दिवस 'नोंद झाली' असं मनगटावर घेऊन फिरत होतो."

मी हो म्हटलं. मला शिक्का आठवतो, मनगट आठवत नाही.

"मावशीबाई बऱ्या आहेत?"

"आहेत."

"जिना चढवतो का आता?"

"त्रास होतो."

त्यांनी मान हलवली आणि खण उघडला. जिन्याचं त्यांना कुणी सांगितलं हे विचारायला हवं होतं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

मावशीला तारीख मिळाली. १२ नोव्हेंबर. उजवा खुबा पूर्ण झिजला आहे, सांधा बदलायचा. चौदा महिने यादीत नाव होतं. डॉक्टर गेल्या वेळी म्हणाले होते की हा हिवाळा असाच गेला तर नंतर सांधा बदलूनही ती उभी राहील याची खात्री नाही.

मावशी पत्र वाचून म्हणाली, "चौदा महिन्यांत लोकांची पोरं चालायला लागतात."

"तूही लागशील."

"बघ, आज तिसरं वाक्य बोललीस. माझ्या खुब्याच्या आधी तुझ्या जिभेलाच तेल घालायला हवं होतं."

ती पत्र उजव्या हातात धरून डाव्या हाताने ओट्याला टेकून उभी होती. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मी नोकरीला लागले तेव्हा कार्ड माझ्या नावावर झालं आणि तिचं नाव आपोआप माझ्या कार्डावर आलं. मी काही भरलं नाही, काही पाहिलं नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पहिली चाचणी. एक लाख नव्वद हजार अवलंबितांपैकी ५,११६ नोंदी निलंबित झाल्या. बहुतेक नियम क्रमांक १७ मुळे: नाते यादीत नसल्यास नोंद थांबवावी. नात्यांची यादी मी उन्हाळ्यात तयार केली. कार्डांवर येणारे सगळे शब्द मोजले, अर्ध्या टक्क्याहून कमी वेळा आलेले वगळले. अकरा नाती उरली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, नातवंड, सासू-सासरे, मावशी-आत्या. वरच्या कार्यालयाने ती देशभरासाठी मंजूर केली. वगळलेल्यांना मी अहवालात 'कारकुनी कचरा' म्हटलं आहे. शब्द जरा कडक आहे, पण वस्तुस्थिती तीच आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी ११.२० ला दवाखान्याचा निरोप आला. ऑपरेशन १ नोव्हेंबरनंतरचं असल्यामुळे त्यांनी पूर्वमंजुरी नव्या प्रणालीकडे मागितली. उत्तर: "नाकारले. नाते अवैध. नियम १७." तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तारीख पुढच्या माणसाला जाईल आणि मावशीचं नाव यादीच्या तळाला.

मी जेवणाच्या सुटीत खाली गेले आणि आमचं जुनं कार्ड काढलं.

बाबांचं नाव. आईचं नाव, त्यावर एक आडवी रेघ आणि तारीख. माझं नाव, नाते मुलगी. त्याखाली मावशीचं नाव आणि नात्याच्या रकान्यात निळ्या शाईत एक शब्द: घरची.

ती आईची बहीण नाही हे मला माहीत होतं. ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती, शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची, आई आजारी पडल्यावर आमच्याकडे यायला लागली. मी तेव्हा चार वर्षांची होते. हे मला कुणी बसवून सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. रोज दिसणाऱ्या खिडकीला कुणी विचारत नाही, तुला कधी बसवलं.

कार्डामागे माझ्या दवाखान्याच्या भेटी आहेत. मनगट मोडलं, गोवर, चष्मा, कान, परत कान. प्रत्येक भेटीपुढे 'सोबत कोण' असा रकाना. आई गेल्यानंतरच्या एकतीस भेटी आहेत. दोनदा 'वडील'. एकोणतीस वेळा 'घरची'.

चष्म्याच्या दिवशी तिने मला परत येताना प्रत्येक दुकानाची पाटी वाचायला लावली होती. सगळ्या वाचून झाल्यावर म्हणाली, "आता परत जाऊ या, उलट्या बाजूनं वाच." हे आज आठवायचं कारण नव्हतं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

तपासनीसबाईंना सांगावं लागलं, कारण त्यांनी माझा चेहरा पाहिला म्हणाल्या. माझ्या चेहऱ्यावर काही होतं असं मला वाटत नाही.

"यात रडायचं काय आहे?" त्या म्हणाल्या.

"मी रडत नाहीये."

"तेच म्हणतेय. अकरा नंबरला 'मावशी-आत्या' आहे ना? तू तिला काय म्हणतेस?"

"मावशी."

"मग टाक अकरा. तुझ्याकडे बदल करायचा अधिकार आहे, दोन बटणं दाबायची. खोटं कुठं आहे त्यात?"

"हाक खरी आहे. नातं खोटं आहे."

"अगं बाई, मी दिवसभर दवाखान्यांची बिलं बघते. इथं पाय मोडला म्हणून कानाचं बिल लावतात. आणि तू मावशीला मावशी म्हणायला घाबरतेस."

मी बदल करण्याचं पान उघडलं होतं. त्यात नोंद क्रमांक घालावा लागतो, मग जुना मजकूर, मग नवा. जुना मजकूर 'घरची' असा लिहिला. त्यापुढे लिहिलं नाही. एक कारण हे की ते खोटं ठरलं असतं. दुसरं कारण मला नीट मांडता येत नाही; तो शब्द मला खोडावासा वाटला नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

मावशीने विचारलं, "दवाखान्याचं काही आलं?"

"प्रक्रिया चालू आहे."

"कचेरीत बसून कचेरीसारखंच बोलायला लागलीस." मग ओटा पुसता पुसता, "नाही झालं तरी चालेल हां. काठी आहे."

काठी कालपासून दाराशी आहे. तिने ती कधी आणली मला कळलं नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काकांसमोर कार्ड ठेवलं. त्यांनी चष्मा वर न चढवताच वाचलं.

"घरची. माझं अक्षर आहे."

"काका, हे नातं नाही."

"मग काय आहे?"

"विशेषण आहे."

ते हसले. "काउंटरवर माणसं यायची ती व्याकरण घेऊन येत नसत गं. एका बाईबरोबर तिच्या मेलेल्या सवतीची आई यायची. तिला काय लिहू? एकानं रस्त्यात सापडलेलं पोर वाढवलं, कागद नाही, काही नाही. जुन्या कायद्यात एक ओळ आहे, 'त्याच घरात राहणारी व त्या घरावर अवलंबून असणारी इतर व्यक्ती.' आता 'इतर' लिहायचं माणसाच्या नावापुढे? मी 'घरची' लिहायला लागलो. माझं बघून बाकीच्यांनीही लिहिलं."

"कुणीही येऊन सांगितलं की आम्ही घरचे, तर लिहायचात?"

"छे. तीन प्रश्न होते माझे." त्यांनी बोटं मोजली. "घराची किल्ली यांच्याकडे असते का? तुम्ही आजारी पडलात तर कोण रजा टाकतं? आणि भांडण झालं तर हे कुठं जातात?"

"तिसऱ्याचं बरोबर उत्तर काय?"

"पाहुणा असेल तर सांगतो, माझ्या गावी जातो, भावाकडे जातो. घरचा माणूस गोंधळतो. म्हणतो, कुठं जाणार? दुसऱ्या खोलीत."

हे मी लिहून घेतलं. तीन प्रश्न, उत्तरं हो-नाहीत बसवता येतात. नियम म्हणून वाईट नाही.

जाताना त्यांनी कार्ड स्वतः खणात ठेवलं. ठेवायला वेळ लावला.

बुधवार, २४ सप्टेंबर

चूक सापडली. ती माझी आहे.

मी शब्द मोजले तेव्हा यंत्राला जसे दिसले तसे मोजले. 'मुलगा' हा एक शब्द आहे, 'पत्नी' एक. पण काकांचा शब्द विशेषण आहे आणि तो माणसाप्रमाणे बदलतो. बाईला घरची, पुरुषाला घरचा, आदराने लिहिलं तर घरचे. कुणी नुसतं 'घ.' लिहिलं. कुणी घरातील, कुणी घरातली. माझ्या तक्त्यात ती सहा वेगवेगळी नाती झाली: ९१४, ७०२, ६५५, ८०३, ५८८, ४१०. प्रत्येक अर्ध्या टक्क्याच्या खाली. मी सहाही वेळा तोच शब्द कचऱ्यात टाकला.

बेरीज ४,०७२. जिल्ह्यातलं सातव्या क्रमांकाचं नातं. आई-वडिलांच्या खाली, भाऊ-बहिणींच्या वर.

मी लहानपणापासून ही भाषा बोलते. शाळेत लिंग-वचनाच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी होते. मावशी पाढ्यासारखं म्हणून घ्यायची, "निळा, निळी, निळे", भांडी घासता घासता, आणि मी चुकले की पेल्यावर चमचा वाजवायची.

सोमवार, २९ सप्टेंबर

वरच्या कार्यालयातल्या संचालक मॅडमना भेटले. आधी हे सांगितलं की ४,०७२ पैकी एक नोंद माझ्या घरची आहे, म्हणजे माझा यात स्वार्थ आहे. मग तक्ता दाखवला.

"कायद्यात आहे, यादीत नाही," त्या म्हणाल्या. "यादी कुणी केली?"

"मी."

"मंजूर आम्ही केली. सात जण बसलो होतो, एकानंही विचारलं नाही की अकराच नाती कशी." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण आता यादी गोठवली आहे. नवा क्रमांक घालायचा तर वरच्या समितीसमोर मांडावं लागेल. ते विचारतील, घरचा म्हणजे कोण? कोण ठरवणार? उद्या अख्खी गल्ली घरची होईल. उत्तर आहे?"

"माझ्याकडे नाही. एका माणसाकडे आहे."

मंगळवार, ३० सप्टेंबर

काका समितीसमोर यायला तयार नाहीत. थेट नाही म्हणत नाहीत. चहा संपवतात, खण पुसतात.

तपासनीसबाईंनी शेवटी विचारलं, "काका, घाबरलात का?"

"घाबरू नको तर काय? इतकी वर्षं नियमाबाहेरचा शब्द लिहिला. अपात्र माणसं घुसवली असं कुणी म्हणालं तर म्हातारपणी पेन्शनवर गदा. मला एकट्याला किती लागतं म्हणा."

मी त्यांना मावशीच्या तारखेबद्दल काही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, फक्त वस्तुस्थिती: तारीख, नकार, तीस दिवसांपैकी अठरा उरले. दबाव आणायचा हेतू नव्हता.

त्यांनी कप खाली ठेवला. "कुठल्या वारी आहे म्हणालीस ती समिती?"

गुरुवार, ९ ऑक्टोबर

समिती. लांब टेबल, पाच माणसं, मधोमध पाण्याच्या बाटल्या. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आज खिशावर डाग नव्हता, पेन हातात धरलं होतं.

मी तक्ता मांडला, सहा मिनिटं. मग त्यांना बोलावलं. त्यांनी तीन प्रश्न सांगितले. तिसऱ्याला एक सदस्य हसले, मग दुसरे हसले, मग पहिले म्हणाले, "आमच्याकडे सासूबाईंचे भाऊ आहेत, बावीस वर्षं. भांडले की अंघोळीला जाऊन बसतात." कुणी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी लिहिलात, आठवतं?"

काकांनी कार्ड क्रमांक सांगितला. आठ आकडे, न अडखळता. तो आमचा होता.

"दुपारची वेळ होती," ते म्हणाले. "एक गृहस्थ बायकोचं नाव उतरवायला आले होते, ती वारली होती. बरोबर लहान मुलगी आणि एक बाई. हिरवी साडी, दंडाला धुलाईघराचा बिल्ला तसाच. मी विचारलं, या कोण? गृहस्थ गप्प. मी म्हटलं, बहीण लिहू? नाही म्हणाल्या. कामाला आहात? नाही. मग कोण? तर मान वर करून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, 'घरची.' असं कुणी सांगितल्यावर मी काय विचारणार? तीन प्रश्न मी नंतर तयार केले. त्यांच्यावरूनच केले."

"पंचवीस वर्षांपूर्वीची साडी आठवते तुम्हाला?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अक्षर आठवलं की बाकीचं येतं," काका म्हणाले.

काकांची स्मरणशक्ती खरोखर चांगली आहे. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "सगळ्यांचं नाही गं आठवत," आणि बसथांब्याकडे गेले.

बुधवार, १५ ऑक्टोबर

मंजूर. क्रमांक बारा. नाव एकच ठेवायचं होतं, मी 'घरचे' सुचवलं. ते तिन्हींना चालतं.

एक अट आहे. ४,०७२ घरांना फोन करून तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं नोंदवायची, महिनाअखेरच्या आत. पण विचारणा झालेल्याचा क्रमांक त्याच दिवशी लागू होईल. आमच्या घराचा फोन मी करू शकत नाही, तसं मीच लिहून दिलं.

तपासनीसबाईंनी यादीत आमचं नाव सगळ्यात वर घेतलं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. काचेतून त्यांची मान दिसत होती. त्या दोनदा हसल्या आणि एकदा त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"किल्ली आहे," बाहेर येऊन त्यांनी वाचून दाखवलं. "आजारी पडलात तर रजा कोण टाकतं? 'मी टाकायचे, आता ती टाकते, पण सांगत नाही, ऑफिसला सुटी आहे म्हणते.' भांडण झालं तर कुठं जाता? 'मी कशाला जाऊ? तीच जाते गच्चीवर. जेवायच्या वेळेला येते खाली.' आणि मला विचारत होती, कचेरीत नीट जेवते का. ते लिहायला रकाना नाही."

दुपारी ३.१० ला दवाखान्याचा निरोप: पूर्वमंजुरी दिली.

मी पाणी प्यायले आणि पुढच्या घराचा क्रमांक फिरवला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आम्ही पाच जण, प्रत्येकी रोज साठ-सत्तर फोन. काका आता मंगळवार-गुरुवारच नाही, रोजच येतात आणि आठ तास बोलतात. आवाज बसला आहे. भांडण झाल्यावर माणसं कुठे जातात याची माझ्याकडे आता मोठी यादी आहे. गच्ची, जिना, बाथरूम, कोपऱ्यावरचं दुकान. एक आजोबा कपाटाकडे तोंड करून बसतात. एका घरी तिसऱ्या प्रश्नावर आधी रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. मग एक म्हातारी म्हणाली, "आता भांडायला तो राहिला नाही हो. नाव काढायचं राहून गेलं. आजच नका काढू."

ती नोंद मी मृत म्हणून केली. उद्याची तारीख घातली.

शनिवार, १ नोव्हेंबर

प्रणाली सुरू झाली. सकाळी ८.०० ला. क्रमांक बाराच्या ३,९०६ नोंदी. तळमजल्यावरचे खण आता सीलबंद होऊन गोदामात जातील. मी शेवटचं एकदा खाली जाऊन आले. कडी ओढली की लाकूड एक आवाज करतं, जाड पुस्तक मिटल्यासारखा. तो कुठे साठवता येत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ऑपरेशन ९.४० ते ११.५५. नीट झालं.

दवाखान्याच्या त्याच भागात पूर्वी धुलाईघर होतं, आता तिथे क्ष-किरण विभाग आहे. मी लहान असताना शाळा सुटल्यावर तिथे येऊन बसायचे. ती मला यंत्रातून निघालेल्या गरम चादरींच्या ढिगावर बसवायची आणि म्हणायची, "हलू नकोस, घडी मोडेल." मी तासभर न हलता बसू शकायचे. आजही दोन तास पंधरा मिनिटं बसले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज तिने वॉकर धरून चार पावलं टाकली. तिला आल्याआल्या नर्सचं चादर घालणं पटलेलं नाही. कोपरे चुकतात म्हणते.

भेटीच्या वेळेत काका येऊन गेले. स्टुलावर अवघडून बसले. मावशी म्हणाली, "तुम्हीच ना ते फुंकर मारणारे?" त्यावर ते लाल झाले; खोली गरम होती. मला त्यांनी चहा आणायला पाठवलं, मी आले तेव्हा दोघं खिडकीबाहेर बघत होती. उद्याही येतो म्हणाले. प्रवास लांबचा आहे, पण त्यांची इच्छा.

ते गेल्यावर मी विचारलं, "फुंकर काय?"

"लिहून झाल्यावर शाई वाळायला फुंकर मारत बसला होता तो. तुमच्या कचेरीत."

"समितीत त्यांनी सांगितलं. तू मान वर करून, स्वच्छ आवाजात सांगितलंस म्हणे."

"कसली मान आणि कसला आवाज." तिने उशी सरळ केली. "मागे रांग ओरडत होती. तुझे बाबा गप्प. तो एकेक विचारत बसलेला. तोंडाला आलं ते बोलून टाकलं, सुटका व्हावी म्हणून. त्यानं लिहूनच टाकलं."

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"त्या तुझ्या बाईनं फोनवर विचारलं ना, भांडण झालं तर कुठं जाता? ते खरं सांगितलं मी. पण त्या दिवशी माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. तुझ्या आईला जाऊन महिना झाला होता. माझं काम संपलं होतं. कचेरीतून तुम्हाला घरी सोडून मी निघणार होते. धुलाईघराच्या वरची खोली बघूनही ठेवली होती."

"मग?"

"मग काय. शाईनं लिहिलेलं, खोडायला परत रांगेत उभं राहा. घरी आले आणि बॅग रिकामी केली."

"कुठली बॅग?"

"माळ्यावरची. तुझे हिवाळी कपडे ठेवतो ती."

करडी बॅग. तिचा एक बंद तुटलेला आहे, दर वर्षी थंडी पडली की मीच ती खाली काढते. पंचवीस वर्षं ती मला कपड्यांची बॅग वाटत आली आहे.

"म्हणजे तू रांगेमुळे राहिलीस," मी म्हटलं. हे नक्की करून घेणं आवश्यक होतं.

"रांगेमुळे राहिले, शाईमुळे राहिले. काय हवं ते लिही तुझ्या त्या रकान्यात." ती डोळे मिटून पडली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता हात सोड, मला पाणी प्यायचंय."

मी खाली पाहिलं. तिचा हात माझ्या दोन्ही हातांत होता. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही.